पहारा सैल होतो तेव्हा

मुंबईकडून येणारा जुना रस्ता पनवेल ओलांडून पळस्प्याला पोहोचला की दुभंगतो. एक वाट खोपोलीवरून बोरघाट चढून पुण्याकडे निघते. दुसरी पेण, महाड, चिपळूण, कुडाळ करीत गोव्याकडे वळते. गोव्याच्या राष्ट्रीय महामार्गाचा आरंभच पळस्प्याचा. रोज हजारो वाहने या फाट्यावरून जातात. परंतु विषाणू, औषध आणि मुके प्राणी यांच्या एका लांबलचक कथेची दोन टोके याच दोन वाटांच्या शेवटी आहेत, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

गोव्याच्या वाटेवर सिंधुदुर्ग जिल्हा लागतो. तेथील दोडामार्ग तालुक्यात 2016 मध्ये काजूच्या बागांत व रानात वावरणाऱ्या माणसांना तीव्र ताप येऊ लागला. त्या परिसरात माकडेही मरून पडत होती. तपासणीअंती हा ‘माकडताप’ असल्याचे निष्पन्न झाले. गोचिडीच्या चाव्यातून पसरणाऱ्या या रोगाचा विषाणू 1957 मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात प्रथम आढळला. तेथेही आधी वानरे मेली, मग माणसे आजारी पडली. तो विषाणू ओळखला पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने. 1952 मध्ये स्थापन झालेले हे केंद्र 1978 पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. तिच्या पाषाण येथील प्रयोगशाळेत 2012 पासून अत्युच्च दर्जाच्या सुरक्षिततेत घातक विषाणूंवर काम चालते. रानातले वानर आणि प्रयोगशाळेतले उंदीर, दोघांनी मिळून माणसाला या रोगाची ओळख करून दिली. एकाने नकळत इशारा दिला, दुसऱ्याच्या देहात विषाणू वाढवून त्याची पारख केली गेली.

पळस्प्याच्या अलीकडे, खारघरला, टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे. कर्करोगावरील औषधांपैकी अनेक औषधे शरीराची प्रतिकारशक्ती दुबळी करतात. पनवेल परिसरात मूत्रपिंड बदललेले, संधिवाताने ग्रासलेले, दम्यासाठी वारंवार स्टेरॉइड घेणारे, केमोथेरपीतून जाणारे रुग्ण आज कितीतरी घरांत आहेत. अशा प्रत्येक घरात एक प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतो : प्रतिकारशक्ती मुद्दाम शमवणारे औषध चालू असताना एखादा विषाणू शरीरात शिरला तर काय होईल? या प्रश्नाचे उत्तर शोधताना वैद्यकशास्त्राला प्रथम प्राण्यांकडेच जावे लागले. मिळालेले उत्तर वरवर पाहता वाटते तितके सरळ नाही.

औषध पहारेकऱ्यालाच का झोपवते?

शरीराची प्रतिकारशक्ती म्हणजे रात्रंदिवस जागता पहारा. परका जीव आत शिरला की पहिल्या काही तासांत पेशी धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात. नंतर विशिष्ट शत्रू ओळखणाऱ्या टी-पेशी पुढे येतात आणि बी-पेशी प्रतिपिंडे तयार करतात. मात्र हा पहारेकरी कधी कधी चुकतो. स्वतःच्या सांध्यांना, मूत्रपिंडाला, त्वचेला तो शत्रू समजतो. किंवा दुसऱ्याने दान केलेले मूत्रपिंड परके म्हणून नाकारतो. अशा वेळी त्याला आवरावे लागते. ते काम करणारी औषधे म्हणजे प्रतिकारशक्ती शमवणारी औषधे.

ही सर्व औषधे एकाच रीतीने काम करीत नाहीत. स्टेरॉइड दाहाचे संदेशच मंदावतात. सायक्लोफॉस्फामाइड झपाट्याने विभागणाऱ्या पेशी मारते. त्यात प्रतिकारपेशीही सापडतात. सायक्लोस्पोरीन टी-पेशींना जागे करणारी साखळी मध्येच तोडते. हे शेवटचे औषध नॉर्वेतील मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून मिळाले आणि त्याचा प्रतिकारशक्तीवरील परिणाम 1970 च्या दशकात उंदरांवरील चाचण्यांतच ध्यानात आला. मूत्रपिंड, यकृत, हृदय यांचे प्रत्यारोपण आज विश्वासाने होते, त्यामागे या औषधाचा मोठा वाटा आहे.

म्हणजे ही औषधे उपकारकच आहेत. त्यांच्याविना असंख्य माणसे अंथरुणाला खिळली असती किंवा जगलीच नसती. परंतु झोपवलेला पहारेकरी चोर आला तरी झोपलेलाच राहतो, हेही तितकेच खरे.

हॅमस्टर आणि उंदीर यांनी सांगितलेले पहिले सत्य

कॉर्टिसोन हे स्टेरॉइड 1948 मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या रुग्णाला प्रथम दिले गेले. जागचे न हलणारे रुग्ण चालू लागले. जगभर आनंद उसळला आणि 1950 मध्ये या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले. नेमक्या त्याच वर्षी न्यूयॉर्कमधील ग्रेगरी श्वार्ट्झमन यांनी या आनंदाला सावध करणारी गोष्ट दाखवून दिली. पोलिओचा विषाणू दिलेल्या हॅमस्टर व उंदरांना सोबत कॉर्टिसोन टोचले असता रोग कितीतरी अधिक तीव्र झाला.

पुढच्याच वर्षी रॉकफेलर संस्थेतील किलबोर्न आणि हॉर्सफॉल यांनी आणखी स्पष्ट पुरावा मांडला. कॉक्सॅकी नावाचा विषाणू नवजात, दूधपित्या उंदरांना मारतो. मोठ्या उंदरांना मात्र तो फारसा बाधत नाही. वय वाढते तसे अंगात जे बळ येते, तेच त्यांचे रक्षण करते. परंतु मोठ्या उंदरांना कॉर्टिसोन दिल्यावर तोच विषाणू त्यांच्यासाठी प्राणघातक ठरला. ज्या विषाणूला शरीर सहज परतवीत होते, त्याला औषधाने दार उघडून दिले.

हे कसे घडले याचा उलगडा काही वर्षांनी होऊ लागला. 1957 मध्ये लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी इंटरफेरॉन शोधले. विषाणूने ग्रासलेली पेशी हा पदार्थ सोडते आणि शेजारच्या पेशींना सावध करते. सावध झालेली पेशी विषाणूला आत वाढू देत नाही. स्टेरॉइडमुळे हे संदेश क्षीण होतात, लसिकापेशींची संख्या घटते आणि विषाणूला सुरुवातीचे मोलाचे दिवस मोकळे मिळतात. त्या दिवसांत त्याची संख्या इतकी वाढते की पुढे पहारा जागा झाला तरी त्याचे बळ अपुरे पडते.

या काळात रुग्णालयांतूनही तसाच अनुभव येऊ लागला. स्टेरॉइड घेणाऱ्या मुलांना कांजिण्या झाल्या की एरवी आठवड्याभरात बरा होणारा हा आजार फुप्फुसापर्यंत पोहोचून जिवावर बेतत असे. प्राण्यांत जे दिसले, ते माणसात खोटे ठरले नाही.

उलटे उत्तर देणारा उंदीर

येथवर कथा सरळ आहे : प्रतिकारशक्ती दडपली की विषाणू बळावतो. परंतु उंदरांच्या आणखी एका रोगाने या समजुतीला धक्का दिला. ‘लिम्फोसायटिक कोरिओमेनिंजायटिस’ असे त्याचे लांबलचक नाव आहे. हा विषाणू मोठ्या उंदराच्या मेंदूत टोचला की साधारण आठवड्याभरात तो मरतो. 1950 च्या दशकात असे आढळले, की उंदराला आधी क्ष-किरण देऊन त्याची प्रतिकारशक्ती मंद केली, तर तो मरत नाही. 1972 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील गिल्डन, कोल आणि नेथनसन यांनी सायक्लोफॉस्फामाइड देऊन हीच गोष्ट तपशिलाने सिद्ध केली. औषध दिलेल्या उंदरांच्या शरीरात विषाणू भरपूर होता, तरी ते जगले. पुढे त्याच उंदरांना दुसऱ्या, विषाणूला आधीच ओळखणाऱ्या उंदराच्या प्रतिकारपेशी दिल्या, तेव्हा मात्र मेंदूचा दाह उसळला आणि ते मेले.

याचा अर्थ गंभीर आहे. त्या उंदरांना विषाणूने मारले नव्हते. विषाणूशी लढताना स्वतःच्याच मेंदूवर घाव घालणाऱ्या प्रतिकारपेशींनी मारले होते. चोर पकडण्यासाठी घराला आग लावणारा पहारेकरी चोरापेक्षा घातक ठरतो. याच विषाणूवर व उंदरांवर काम करताना डोहर्टी आणि झिंकरनेगल यांनी टी-पेशी बाधित पेशी कशी ओळखतात हे 1974 मध्ये उलगडले. त्यासाठी त्यांना 1996 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि, औषधाने वाचलेला उंदीर बरा झालेला नव्हता. त्याच्या शरीरात विषाणू घर करून राहिला होता. मरण टळले, पण रोग टळला नाही. प्रतिकारशक्ती शमवणाऱ्या औषधाचा परिणाम म्हणून केवळ ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ असा नसतो. विषाणू कोणता, औषध कोणते, मात्रा किती आणि ते केव्हा दिले, या चार गोष्टींवर सारे ठरते.

झोपलेले विषाणू

काही विषाणू एकदा शरीरात आले की कधीच जात नाहीत. ते पेशींत निपचित पडून राहतात आणि पहारा त्यांना डोके वर काढू देत नाही. सायटोमेगॅलो या विषाणूचा उंदरांतला प्रकार असाच लपून बसतो. 1977 मध्ये मेयो, आर्मस्ट्राँग आणि हो यांनी दाखवले, की वरवर निरोगी दिसणाऱ्या उंदरांची प्रतिकारशक्ती दडपली असता हा लपलेला विषाणू पुन्हा जागा होतो. मूत्रपिंड बदललेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांत सायटोमेगॅलोचा त्रास का होतो, याचे उत्तर त्यात होते. आता प्रत्यारोपणाच्या वेळी दाता आणि रुग्ण या दोघांचीही या विषाणूसाठी तपासणी होते व गरजेनुसार प्रतिबंधक औषध दिले जाते.

नागीण हे याच प्रकारचे घरगुती उदाहरण. लहानपणी कांजिण्या देणारा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत वर्षानुवर्षे पडून राहतो. वय वाढले, किंवा प्रतिकारशक्ती शमवणारे औषध सुरू झाले, की तोच नागीण होऊन अंगावर उठतो. हिपॅटायटिस ‘बी’ अधिक धोकादायक आहे. ज्यांना तो पूर्वी कधी होऊन गेला याची कल्पनाही नसते, अशांना केमोथेरपी किंवा बी-पेशी नष्ट करणारी औषधे दिल्यावर यकृताचा तीव्र दाह होऊ शकतो. म्हणून असे उपचार सुरू करण्यापूर्वी हिपॅटायटिस ‘बी’ची रक्ततपासणी करतात. ती अनाठायी खर्च समजून टाळणे हे मोठ्या संकटाला निमंत्रण आहे.

करोनाने घेतलेली परीक्षा

2020 मध्ये करोनाची साथ आली तेव्हा हाच जुना प्रश्न साऱ्या जगासमोर नव्याने उभा राहिला. सीरियन हॅमस्टर या प्राण्याला करोना होतो, काही दिवस त्याचे वजन घटते आणि मग तो सावरतो. अमेरिकेतील लष्करी संशोधन संस्थेने काही हॅमस्टरांना सायक्लोफॉस्फामाइड देऊन मग विषाणू दिला. त्यांचा आजार अधिक तीव्र झाला व लांबला आणि विषाणूही शरीरात दीर्घकाळ टिकून राहिला. पुण्याच्या विषाणू संस्थेतही त्या वर्षी हॅमस्टर आणि 20 रीसस माकडांवर करोनाचे प्रयोग झाले. ते मात्र प्रतिकारशक्ती दडपण्याचे नव्हते; कोव्हॅक्सिन लस पहारा सक्षम करते का, हे त्यांतून पाहिले गेले. ती लस पुढे देशभर कोट्यवधी लोकांनी घेतली.

त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष आला. रोज सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोन दिल्याने कृत्रिम श्वासयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि केवळ प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने घटले. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती, त्यांना मात्र काही लाभ झाला नाही. उलट हानीची शक्यता दिसली. डेक्सामेथासोन हे स्वस्त आणि जुने औषध. त्याने असंख्य जीव वाचवले, पण योग्य वेळी दिले तेव्हाच.

यात पूर्वीच्या दोन्ही उंदरांची साक्ष एकत्र येते. आजाराच्या पहिल्या दिवसांत विषाणू वाढत असतो. तेव्हा पहारा दडपणे म्हणजे कॉक्सॅकीच्या उंदराची गत. नंतरच्या दिवसांत फुप्फुसाला विषाणूपेक्षा शरीराचा स्वतःचा दाह अधिक जाळतो. तेव्हा तो शमवणे म्हणजे कोरिओमेनिंजायटिसच्या उंदराचा धडा. औषध एकच, पण पहिल्या आठवड्यात ते अपाय करू शकते आणि दुसऱ्यात तारून नेते.

हा धडा महाराष्ट्राने फार मोठी किंमत मोजून पुन्हा शिकला. 2021 च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या लाटेत, अनेकांनी ताप येताच, प्राणवायूची पातळी उत्तम असताना, ओळखीच्याने पाठवलेल्या चिठ्ठीवरून स्टेरॉइड घेतले. कित्येकांनी ते ठरल्याहून अधिक मात्रेत व अधिक दिवस चालू ठेवले. स्टेरॉइडने रक्तातील साखर वाढते. मधुमेह, करोना आणि स्टेरॉइड अशा तिहेरी आघातात म्युकरमायकोसिस या काळ्या बुरशीने राज्यात हजारो रुग्णांना गाठले. अनेकांचे डोळे, जबडे आणि प्राण गेले. बुरशी हा विषाणू नव्हे, हे खरे. परंतु पहारा सैल झाला की कोण आत शिरेल हे सांगता येत नाही, याचा तो जिवंत पुरावा होता.

प्राण्यांच्या उत्तराची मर्यादा

प्राण्यांवरून माणसाबद्दल निष्कर्ष काढताना तारतम्य लागते. माकडतापाचाच दाखला घ्यावा. त्याचा विषाणू रानातल्या लहान उंदरांच्या शरीरात फारसा त्रास न देता राहतो. वानर आणि माकड यांना मात्र तो झटकन मारतो. माणसांत शंभरातील साधारण तीन ते पाच रुग्ण दगावतात. एकाच विषाणूच्या या तीन तऱ्हा. शिवाय प्रयोगातील उंदराला दिलेली औषधाची मात्रा माणसाच्या मानाने पुष्कळ मोठी असते, विषाणू थेट टोचलेला असतो आणि सारे उंदीर एकाच वयाचे, एकाच वंशाचे असतात. माणसाचे तसे नसते. सत्तरीचा मधुमेही गृहस्थ आणि तिशीची तरुणी यांना एकच औषध वेगवेगळा अनुभव देते.

म्हणून उंदरात दिसलेली गोष्ट माणसासाठी इशारा असते. तीच अंतिम निर्णय नसते. वर्तमानपत्रात ‘उंदरांवर यशस्वी’ असा मथळा वाचून औषधाच्या दुकानाकडे धाव घेणे जितके चुकीचे, तितकेच ‘उंदीर मेले’ हे वाचून चालू औषध बंद करणेही चुकीचे.

या जीवांचे ऋण

एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत प्रत्येक जीवाला जगण्याची आस असते, या संस्कारात वाढलेल्या कुटुंबांना वरील सारा इतिहास वाचताना अस्वस्थ वाटणे साहजिक आहे. ही अस्वस्थता दडपण्याचे कारण नाही. तिनेच विज्ञानालाही बदलायला भाग पाडले आहे. 1959 मध्ये इंग्लंडमधील रसेल आणि बर्च या दोघा शास्त्रज्ञांनी तीन सूत्रे मांडली : शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरा मार्ग वापरावा, प्राण्यांची संख्या कमीत कमी ठेवावी आणि जे वापरावे लागतील त्यांच्या वेदना कमी कराव्यात. भारतात 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये प्राण्यांवरील प्रयोगांच्या देखरेखीसाठी समिती नेमण्याची तरतूद झाली. 1998 च्या नियमांनी प्रयोगशाळांची नोंदणी आणि प्रत्येक संस्थेत नीतिविषयक समिती बंधनकारक केली. प्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या घेणे 2014 मध्ये थांबले. मार्च 2023 मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन मानवी पेशींपासून घडवलेले सूक्ष्म अवयव, संगणकीय प्रारूपे अशा पर्यायांना अधिकृत स्थान मिळाले.

प्रतिकारशक्तीच्या बाबतीत मात्र हे पर्याय अजून अपुरे आहेत. काचेच्या भांड्यातील पेशीला ताप येत नाही, तिच्यात प्लीहेतून निघालेली पेशी रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचत नाही. पहारा हा साऱ्या देहाचा व्यवहार असल्याने तो तुकड्यातुकड्याने पूर्ण कळत नाही. म्हणून हा प्रश्न आज सुटलेला नाही, आणि तो सुटला आहे असे कोणी भासवूही नये. जे ज्ञान आधीच मिळाले आहे ते न वाचता तोच प्रयोग पुन्हा करणे ही मात्र निरर्थक हिंसा आहे. आणि मिळालेले ज्ञान घराघरांत न पोहोचता वाया जाणे ही त्या जीवांची दुसरी उपेक्षा आहे.

घरातील विवेक

मग या ज्ञानाचा घरात उपयोग कोणता? पहिली गोष्ट, घरातील कोण अशी औषधे घेतो हे सर्वांना ठाऊक असावे. प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड रोज वीस मिलिग्रॅम किंवा अधिक, दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ चालू असेल, तर त्या व्यक्तीची प्रतिकारशक्ती दबलेली आहे असे धरतात. गुडघेदुखीवर ‘जालीम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेले आढळते. दोन दिवसांत चमत्कार करणारी पुडी संशयानेच पाहावी.

दुसरी गोष्ट, अशा व्यक्तीच्या तापाकडे दुर्लक्ष करू नये. स्टेरॉइडमुळे ताप चढतच नाही किंवा कमी चढतो; त्यामुळे संसर्ग मोठा असूनही लक्षणे सौम्य भासतात. घरात कोणाला कांजिण्या झाल्या तर त्या व्यक्तीने पुरळ उठण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. नागिणीचे फोड दिसल्यास पहिल्या बहात्तर तासांत विषाणूरोधक औषध सुरू होणे हिताचे.

तिसरी गोष्ट लसींची. जिवंत पण दुर्बल केलेल्या विषाणूंच्या लसी, जसे गोवर-गालगुंड-रुबेला किंवा कांजिण्या, अशा व्यक्तींना साधारणतः देत नाहीत. कारण पहारा झोपलेला असताना दुर्बल विषाणूही वाढू शकतो. निष्क्रिय विषाणूंच्या लसी, उदाहरणार्थ इन्फ्लुएंझाची सुई, चालतात आणि घेणे उपयुक्तही असते. शक्य असल्यास लसी उपचार सुरू होण्यापूर्वीच पूर्ण कराव्यात. नातवंडाला तोंडावाटे पोलिओचा डोस द्यायचा असेल, तर आजोबांच्या औषधांची माहिती बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घालावी.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : भीतीपोटी औषध अचानक बंद करू नये. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याच्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे संप्रेरक तयार करणे मंदावतात. अशात औषध एकाएकी थांबले तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येतो. प्रत्यारोपण झालेल्याने डोस चुकवले तर दान मिळालेला अवयव शरीर नाकारू लागते.

येथेच व्रतांचा प्रश्न येतो. पर्युषणात उपवास किंवा अठ्ठाई करण्याची तीव्र इच्छा असलेले ज्येष्ठ कधी कधी औषध कोणालाही न सांगता सोडून देतात. टॅक्रोलिमससारखे औषध बहुधा बारा बारा तासांनी घ्यावयाचे असते, तेव्हा चोविहार पाळणाऱ्याला रात्रीच्या डोसाची अडचण येते. ही अडचण मनात ठेवू नये. सकाळी सहा आणि सायंकाळी सहा अशी वेळ ठरवता येते का, दिवसातून एकदाच घेण्याचा प्रकार चालेल का, हे डॉक्टरांना मोकळेपणी विचारावे. पच्चक्खाणात आरोग्यासाठी आगार ठेवण्याची परंपराही आहेच. साधु-साध्वींकडून त्याविषयी मार्गदर्शन घ्यावे. व्रताचा हेतू आत्मसंयम आहे. औषध लपवून देहाला संकटात लोटणे त्या हेतूशी विसंगत ठरते आणि त्याचा भार अखेर घरातील सुना-लेकींवर व मुलांवर पडतो.

पाचवी गोष्ट घरातील इतरांसाठी. दबलेल्या प्रतिकारशक्तीच्या माणसाचे खरे कवच म्हणजे त्याच्याभोवतीची माणसे. घरात सर्दी-ताप असलेल्याने मुखपट्टी लावावी, हात धुवावेत, चार दिवस वेगळ्या खोलीत झोपावे, स्वतःच्या लसी वेळेवर घ्याव्यात. ज्यांचा पहारा जागा आहे, त्यांनी थोडा पहारा दुसऱ्यासाठीही द्यावा. सिंधुदुर्गात काजूच्या हंगामात जाणाऱ्यांनी अंग झाकणारे कपडे घालावेत, परतल्यावर गोचिडी तपासाव्यात आणि रानात मेलेले माकड दिसल्यास त्याला हात न लावता आरोग्य केंद्रास कळवावे.

कॉर्टिसोन दिलेला तो उंदीर, औषधाने वाचून विषाणू बाळगत राहिलेला दुसरा उंदीर, करोनात लांबलेल्या आजाराशी झुंजणारा हॅमस्टर, यांपैकी कोणीही स्वेच्छेने काही दिले नाही. त्यांच्याकडून घेतले गेले. जे घेतले ते परत करता येत नाही; परंतु त्याचा अपव्यय टाळणे प्रत्येक घराच्या हाती आहे. चिठ्ठीवाचून घेतलेली स्टेरॉइडची एक गोळी, न सांगता सोडलेला एक डोस, खर्च नको म्हणून टाळलेली एक तपासणी, यांतून तो अपव्यय होतो. योग्य औषध, योग्य वेळी, योग्य देखरेखीखाली घेणे हा केवळ आरोग्याचा नियम नाही. ज्या मुक्या जीवांच्या मोलाने ते कळले, त्यांच्याप्रती दाखवलेली ती कृतज्ञताही आहे.